संग्रहालयाचं दुकान: पुस्तकं जांगडीवर, हस्तकला रोखीनं

सावंतवाडीच्या राजवाड्यात तिकीट काढून दरबार हॉलमध्ये गेलात, की संस्थानकाळातल्या वस्तूंच्या सोबतीनं काही माणसं मान खाली घालून गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या धाटणीचे पत्ते, रंगवताना दिसतात. पत्ता गोल, तळहातात मावेल एवढा. ब्रशाचं टोक जेमतेम चार केसांचं. त्या टोकातून मत्स्यावताराचं एकेक खवलं उतरताना दोन मिनिटं पाहिलं, की विकायला ठेवलेल्या संचाची किंमत हजारांत का आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० पत्ते: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, त्यात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. आठ रंगांचा मोगली संच ९६ पत्त्यांचा. ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलाकाराकडून ती समजून घेतली आणि १९७० च्या दशकात राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ उभं केलं. तिथे बघणं, घडणं आणि विकणं एकाच छपराखाली आहे. संग्रहालयाच्या दुकानाचा याहून चांगला धडा मला कुठे मिळाला नाही.

मी गेली बारा वर्षं कोकणातल्या एका लहान कलासंग्रहालयाचं दुकान सांभाळते. दोन खोल्या चित्रांच्या, एक लोककलेची, आणि बाहेर पडायच्या वाटेवर पंधरा बाय बारा फुटांचं दुकान. एखाद्या चित्रकाराचं स्मारक, जुना वाडा, तालुक्याच्या गावातलं ट्रस्टचं संग्रहालय चालवणारी मंडळी अधूनमधून येतात आणि विचारतात, ‘आम्हालाही असं काही करायचंय, सुरुवात कुठून करू?’ त्यांच्यासाठी हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

आधी पंधरा दिवस दाराशी बसा

माल बघायला जाण्याआधी एक वही घेऊन बाहेर पडायच्या दाराशी बसा. शनिवार-रविवार धरून पूर्ण पंधरा दिवस. चार गोष्टी लिहा: किती माणसं आली, कुणाबरोबर आली (शाळेची सहल, कुटुंब, एकटा अभ्यासक, परदेशी पाहुणा), कुठल्या चित्रापुढे किंवा वस्तूपुढे जास्त वेळ थांबली आणि जाताना काय विचारलं. चौथी गोष्ट सगळ्यांत मोलाची. ‘त्या बाईच्या चित्राचा फोटो मिळेल का?’, ‘हे पत्ते खेळतात कसे?’, ‘अशी बाहुली आता कोण करतं?’ असे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. आमच्या वहीत पहिल्या पंधरा दिवसांत गंजिफा कशी खेळतात हे सत्तावीस जणांनी विचारलं होतं. म्हणून आमच्या दुकानातली पहिली वस्तू ठरली खेळाचे नियम सांगणारी आठ पानी पुस्तिका. किंमत वीस रुपये. ती आजही सगळ्यांत जास्त खपते.

वही नसेल तर माणूस आपल्या आवडीनं माल भरतो, आणि आपली आवड पाहुण्याच्या खिशाला आणि बॅगेला बसतेच असं नाही. एसटीनं आलेला माणूस अडीच फुटी समई घेऊन जात नाही.

काय ठेवायचं आणि काय नाही

माझी कसोटी एकच आहे: ही वस्तू आमच्या दालनातल्या कुठल्या वस्तूचं बोट धरून आली आहे? उत्तर देता आलं नाही तर ती वस्तू कितीही खपणारी असली तरी ठेवायची नाही. दालनात चित्रकथी (चित्रं दाखवत कथा गायची लोककला) असेल तर कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी रंगवलेली चित्रं ठेवा, कळसूत्री बाहुली ठेवा. लाकडी खेळणी असतील तर सावंतवाडीच्या चितार आळीतली फळं, भातुकली, रंगीत पाट ठेवा. दालनात वारली नाही, पण वारली खपते म्हणून छापील वारलीचे कॉफी मग आणून ठेवायचे, हे करू नका. पाहुण्याला ते मग विमानतळावरही मिळतात.

वारलीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. डहाणू-तलासरी-जव्हारकडच्या घरांत लग्नाच्या वेळी जो चौक लिहितात, ज्यात पालघट देवी असते, तो विधीचा भाग आहे. सुवासिनी तो काढतात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. जिव्या सोमा म्हसे यांनी हीच रेषा कागदावर आणि कापडावर जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्यामुळे चौक पायपुसण्यावर छापायला मोकळा झाला असं नाही. कुठलंही देवतेचं चित्र कशावर यावं आणि कशावर येऊ नये हे त्या कलाकारालाच विचारा. पायात घालायच्या, पाय पुसायच्या आणि कचऱ्यात जायच्या वस्तूवर ते येऊ देऊ नका.

सुरुवात तीस-पस्तीस प्रकारांनी करा, त्याहून जास्त नको. प्रत्येक प्रकाराचे पाच-सहा नग. पन्नास रुपयांच्या आतल्या किमान आठ वस्तू हव्यातच, कारण सहलीच्या मुलाकडे घरून मिळालेले पन्नास असतात आणि त्याला काहीतरी घेऊनच जायचं असतं. वरच्या टोकाला दोन-तीन मोठ्या वस्तू, एक पूर्ण गंजिफा संच वगैरे, असू द्या. त्या वर्षाला दोन खपल्या तरी चालतील. त्यांच्यामुळे बाकीच्या वस्तूंकडे माणूस नीट बघतो.

कारागिराच्या घरी जा, आणि पैसे घेऊन जा

या भागावर मी जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेक दुकानं इथेच चुकतात.

हे दुकान हाती घेण्याआधी मी एका दुसऱ्या विक्री केंद्रात नोकरी करायचे. तिथे सगळा माल जांगड असायचा. म्हणजे कारागिरानं आणून ठेवायचा, विकला गेला तर पैसे, नाही तर माल परत. एक वयस्क काका लाकडी फळं ठेवून गेले होते, अठरा हजारांची. दर दोन महिन्यांनी एसटीनं यायचे, दारातच उभे राहायचे आणि हळूच विचारायचे, ‘ताई, पैसे कधी गावतले?’ वरून उत्तर यायचं, हिशेब झाला नाही. चौदा महिन्यांनी त्यांना निम्मे पैसे मिळाले आणि उरलेली फळं टवके उडालेल्या अवस्थेत परत मिळाली. ती पिशवी त्यांच्या हातात मीच दिली. पुढच्या वर्षी त्यांनी फळं करणं सोडलं.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: हस्तकला विकतच घ्यायची, जांगडीवर नाही. ज्याच्या घरात भांडवल नाही त्याच्या मालावर आपलं दुकान सजवणं म्हणजे त्याच्याकडून बिनव्याजी कर्ज घेणं. संस्थेकडे पैसे कमी असतील तर कमी माल घ्या. दहाच फळं घ्या, पण पैसे टेबलावर ठेवून घ्या.

प्रत्यक्ष खरेदी अशी करा.

पहिल्या भेटीत काही विकत घेऊ नका, फक्त बसा. काय काय करतात, दिवसाला किती होतात, लाकूड कुठून येतं, घरात आणखी कोण हे काम करतं, हे विचारा. दुसऱ्या भेटीत नमुन्याची एकेक वस्तू त्यांच्या किमतीला घ्या, घासाघीस न करता. ती महिनाभर दुकानात उघड्यावर ठेवा. हाताळली जाऊ द्या. उकाड्यात लाख चिकट होते का, रंग हाताला लागतो का, चीर जाते का, हे महिन्याभरात कळतं.

वस्तू कशी पारखायची याचं एक उदाहरण देते. सावंतवाडीची फळं हलक्या लाकडाची असतात, पांगारा त्यातला जुना आणि आवडता. नीट वाळलेल्या लाकडाचं सीताफळ हातात घेतलं तर आकाराच्या मानानं रिकामं वाटतं. जड लागलं तर आत ओल आहे, आणि पावसाळा संपून हवा कोरडी झाली की देठापाशी चीर जाणार. मग फळ उलटं करा. बूड सपाट घासलेलं आहे का, तिथेही रंगाचा शेवटचा हात दिला आहे का, ते बघा. दिसत नाही तिथे हात फिरवलेला असेल तर बाकी काम चोख असतं. शेवटी पांढरं फडकं किंचित ओलं करून खालच्या बाजूला घासा. फडक्यावर रंग आला तर ती वस्तू लहान मुलांच्या भातुकलीत द्यायची नाही. गंजिफाच्या संचाचे सगळे पत्ते मोजून घ्या, एकेक अवतार वेगळा लावून. तीन पत्ते सारख्याच हातानं पण घाईनं केलेले आहेत हे असे लावल्यावरच दिसतं.

किंमत ठरवताना मी उलटा हिशेब करते. लाकडी खेळण्यांचा कारागीर म्हणाला, ‘संचाचे सहाशे द्या,’ आणि त्याला दोन दिवस लागत असतील, तर लाकूड-रंगाचे शंभर काढून दिवसाला अडीचशे उरतात. गावात आंब्याच्या बागेत कामाला गेला तर त्याला याहून जास्त मिळतात. मग मी स्वतःहून किंमत वाढवते. बारा वर्षांत पाच-सहा वेळा हे करावं लागलं. त्या क्षणी संस्थेच्या विश्वस्तांना ते पटलं नाही, पण आज त्यातल्या दोन घरांत पुढची पिढी काम शिकते आहे.

ऑर्डर तोंडी देऊ नका. एका कागदावर वस्तू, माप, नग, दर, तारीख आणि उचल लिहा, दोघांनी सही करा, एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. निम्मी रक्कम उचल म्हणून आधी, निम्मी माल हातात आल्या दिवशी. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, हा कायदाच आहे. पण कायद्याची वाट कशाला बघायची?

हस्तकला विकास आयुक्तालयाचं ‘पहचान’ कार्ड कारागिराकडे आहे का तेही विचारा. नसेल तर अर्ज भरायला मदत करा. खेळण्यांसाठी तर याचा थेट उपयोग आहे: १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, पण त्या कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः केलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. कार्डाची छायाप्रत दुकानाच्या फायलीत असू द्या.

पुस्तकांचं गणित वेगळं

पुस्तकं मात्र जांगडीवर घ्यायला हरकत नाही. प्रकाशकाकडे गोदाम आहे, भांडवल आहे, आणि परतीचा माल ही त्या धंद्याची जुनी रीत आहे. साधारण तीस ते चाळीस टक्के सवलत मिळते. सरकारी प्रकाशनांवर कमी. मालाबरोबर आलेलं चलन जपून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी हिशेब पूर्ण करा, त्यांनी विचारण्याची वाट न बघता. अपवाद एकच: गावातल्या एखाद्या अभ्यासकानं पदरचे पैसे घालून छापलेला स्थानिक इतिहास. तो लेखकही कारागीरच आहे. त्याच्या पाच प्रती रोखीनं घ्या.

कुठली पुस्तकं? मराठी वाचकाला चित्रकलेवर मराठीत वाचायला फार कमी मिळतं, आणि चित्रं पाहून बाहेर पडलेल्या माणसाला नेमकं त्या क्षणी ते हवं असतं. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रकलेची आणि मुलांची पुस्तकं, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त मराठी पुस्तकं, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची प्रकाशनं इथून यादी सुरू करा. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी ‘मार्ग’चे एक-दोन ग्रंथ असू द्या. १९४६ पासून भारतीय कलेवर इतकं जपून छापणारं दुसरं नाव पटकन सापडत नाही. महाग असतात, म्हणून एकेकच प्रत. मुलांची पुस्तकं सगळ्यांत खालच्या फळीवर, जिथे सहा वर्षांच्या मुलाचा हात पोचतो.

चाळीस-पन्नास पुस्तकं पुरेत. पाठमोरी ओळीनं उभी करू नका, निम्म्यांची तरी मुखपृष्ठं समोर दिसू द्या. प्रत्येक महाग पुस्तकाची एक प्रत उघडी, चाळायला, आणि शेजारी एक खुर्ची. ही खुर्ची ठेवल्यावर आमची पुस्तकविक्री वाढली. बायको दालनं पुन्हा बघत असते तेवढ्या वेळात नवरा बसून वीस पानं वाचतो, आणि वीस पानं वाचलेलं पुस्तक माणूस सहसा परत ठेवत नाही. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे बिलात त्यांची ओळ वेगळी हवी.

स्वतःची छपाई आणि चित्रांचे हक्क

पोस्टकार्ड, छोटी मुद्रितं (चित्रांच्या छापील प्रती), संग्रहालयाची माहितीपुस्तिका हे दुकानाचं हक्काचं उत्पन्न. पोस्टकार्डाला तीनशे जीएसएमचा, म्हणजे जाड कागद घ्या. प्रत्येक चित्राची शंभर कार्डं डिजिटल छापून बघा, खपलेल्या चित्रांची मग ऑफसेटवर हजार. पुस्तिका सोळा पानांच्या फर्म्याच्या (एका मोठ्या कागदाच्या घडीतल्या पानांच्या) हिशेबात बसवा, सोळा किंवा बत्तीस पानं, म्हणजे कागद वाया जात नाही. रंगाची शहानिशा छापखान्यातल्या दिव्याखाली करू नका. छापलेलं प्रूफ घेऊन मूळ चित्रासमोर उभे राहा.

आता हक्कांचं. चित्र आपल्या भिंतीवर आहे म्हणजे ते छापायचा हक्क आपला आहे, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. भारतात चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणून राजा रविवर्मा (निधन १९०६), म. वि. धुरंधर (१९४४), बाबूराव पेंटर (१९५४) यांची चित्रं तुम्ही छापू शकता. सावंतवाडीत जन्मलेले सा. ल. हळदणकर १९६८ मध्ये गेले, त्यांची चित्रं २०२८ संपेपर्यंत परवानगीशिवाय नाही. वासुदेव गायतोंडे २००१ मध्ये गेले, तिथे २०६१ संपेपर्यंत थांबायचं. दरम्यान वारसांना पत्र लिहा, किती प्रती, किती वर्षांसाठी, किती मानधन हे कागदावर आणा. आमच्या अनुभवात वारस बहुतेक वेळा आनंदानं परवानगी देतात. त्यांना न विचारलं जाण्याचं दुःख जास्त असतं.

हाच न्याय लोककलेला. पिंगुळीच्या कलावंतानं कालच रंगवलेलं चित्र तुम्ही विकत घेतलंत, तरी ते पिशव्यांवर छापायचं असेल तर वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे. चित्रकथी नुसती बघायची कला नाही, चित्र समोर धरून कथा गायची असते. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती ही परंपरा जपल्याबद्दल. म्हणून आम्ही चित्राबरोबर त्या कलावंतानं सांगितलेल्या कथेचं ध्वनिमुद्रण क्यूआर कोडनं देतो. ध्वनिमुद्रणाचे पैसे चित्रापेक्षा वेगळे मोजले.

विक्रीची किंमत

एक खरा हिशेब मांडते. फळांचा छोटा संच कारागिराकडून ४०० ला. आणायचा खर्च नगाला १५. पुठ्ठ्याची पेटी, कागदाचा भुसा आणि माहितीचं कार्ड २५. तुटफूट १०. झाले ४५०. आम्ही तो ६५० ला विकतो. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक हस्तकला वस्तूंवर ५ टक्के जीएसटी आहे. तो वजा केला की ६१९ उरतात. म्हणजे दुकानाकडे १६९ राहिले. त्यातून पगार, वीज आणि न खपलेला माल भागतो. खरेदीच्या दुप्पट किंमत लावणारी दुकानं आहेत. मी लावत नाही, कारण मग गावातलाच माणूस आपल्याच गावची वस्तू घेऊ शकत नाही.

छापील मुद्रितांवर आणि पोस्टकार्डांवर मात्र निःसंकोच चौपट लावा. तिथे कुणाची मजुरी मारली जात नाही, आणि तो पैसा हस्तकलेचं कमी मार्जिन सांभाळतो.

नग खपत नसेल तर सूट लावून कारागिराच्या कामाची किंमत पाडू नका. जागा बदला, कार्ड नव्यानं लिहा. तरीही वर्षभर बसून राहिला तर तो नमुना पुन्हा मागवू नका.

कार्ड

प्रत्येक हस्तकलेबरोबर पत्त्याएवढं एक कार्ड जातं. वर वस्तूचं नाव. खाली कशाची केली, कुणी केली, कुठल्या आळीत किंवा वाडीत, किती दिवस लागले, आणि कशी जपायची. एवढंच. ‘प्राचीन’, ‘अद्वितीय’, ‘वारसा’ हे शब्द नकोत. ‘हे सीताफळ दोन दिवसांत घडलं, मग रंगाचे चार हात दिले, प्रत्येक हात वाळायला एक रात्र लागली’ एवढं वाचून माणूस ते फळ वेगळ्या हातानं उचलतो. छापील वस्तू असेल तर ‘छापील’ असंच लिहा, हातानं रंगवलेलीच्या शेजारी ठेवली तर ठळक लिहा.

कार्ड छापण्याआधी कारागिराला वाचून दाखवा. नाव, फोटो आणि फोन द्यायचा की नाही हे त्याला ठरवू दे. मी फोन देते, त्याची हरकत नसेल तर. मग काही गिऱ्हाइकं पुढच्या वेळी थेट त्याच्याकडे जातात, दुकानाची विक्री तेवढी कमी होते. होऊ दे. पहिलं कार्ड मी ज्यांना वाचून दाखवलं, त्या बाईंनी ते हातात घेऊन नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘माझा नाव लिवलात, बरां केलात.’ तोवर त्यांचं सगळं काम नवऱ्याच्या नावानं विकलं जायचं. खेळण्याचं रंगकाम बहुतेक घरांत बायका करतात, म्हणून ‘घडवणारे’ आणि ‘रंगवणाऱ्या’ अशी दोन्ही नावं विचारूनच घ्या.

कायद्याच्या चार गोष्टी

फक्त वस्तू विकत असाल तर महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला जीएसटी नोंदणी लागत नाही. पण संग्रहालय सभागृह भाड्यानं देत असेल, तर ती सेवा झाली आणि मर्यादा २० लाखांवर येते. ही गोष्ट आधी आपल्या सीएकडून पक्की करून घ्या. ट्रस्ट असेल तर दुकानाचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळ्या वहीत ठेवा.

शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, भांडं, चित्र किंवा पंच्याहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखितं दुकानात विकायला ठेवायची नाहीत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं त्याला परवाना लागतो. कुणी घरातलं जुनं काही घेऊन आलं तर क्युरेटरकडे पाठवा. जुन्यासारखी दिसणारी नवी पितळी वस्तू विकलीत तर बिलावर ‘नव्यानं बनवलेली’ आणि वर्ष लिहून द्या, परदेशी पाहुण्याची विमानतळावरची अडचण टळते. किनाऱ्यावरच्या दुकानांसाठी आणखी एक: प्रवाळ आणि काही जातींचे शंख-शिंपले वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. जात ओळखता येत नसेल तर तो मालच घेऊ नका.

भौगोलिक मानांकनाचं (जीआय) नाव वापरतानाही जपा. कोल्हापुरी चपलेचं मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांपुरतं आहे. दुसरीकडे केलेली चपल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकायची नाही.

मांडणी आणि गल्ला

यावर लोक फार खर्च करतात. आम्ही सुताराकडून साध्या फळ्या करून घेतल्या. उजेड वस्तूवर पडू द्या, डोळ्यांवर नको. हाताळायच्या वस्तू कमरेच्या उंचीवर, नाजूक गोष्टी काचेत, गंजिफाचा एक पत्ता भिंगाखाली. यूपीआयचा क्यूआर, साधं बिलिंग अॅप, सुटे पैसे. गल्ल्यावरच्या माणसाला प्रत्येक कारागिराच्या घरी एकदा तरी घेऊन जा. तो मग गिऱ्हाइकाच्या मागे लागत नाही आणि विचारलं की खरं सांगतो.

रोज संध्याकाळी दोन आकडे लिहा: किती माणसं आली, किती बिलं झाली. शंभरामागे दहा-बारा बिलं होत असतील तर दुकान बरं चाललं आहे असं मी समजते. आकडा घसरला तर सहसा स्वस्त वस्तू संपलेल्या असतात.

वर्षाचं वेळापत्रक

कोकणात आमचा गिऱ्हाईकीचा काळ दोन वेळा: दिवाळीपासून नाताळपर्यंत आणि एप्रिल-मे. कारागिरांचा काळ वेगळा. मृगापासून शेतीची कामं, आषाढापासून गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचे कारखाने. चितारी घरांत त्या दोन महिन्यांत दुसऱ्या कुठल्याही रंगाला वेळ नसतो. म्हणून दिवाळीच्या मालाची ऑर्डर मी होळीला देते आणि मेच्या मालाची दिवाळी झाली की लगेच. ऐनवेळी ‘दोनशे नग आठ दिवसांत’ मागितलेत तर तुम्हाला ओल्या लाकडाची फळं मिळतील, आणि दोष त्यांचा नसेल.

पावसाळ्यात दुकान उघडं ठेवा, पण माल कमी करा. पुस्तकं प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत कोंडलेल्या ओलीनंच बुरशी धरते. भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून लावा, दर आठवड्याला काढून पानं फडफडवा. काचेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. डांबराच्या गोळ्या पुस्तकांत नकोत, वास जात नाही. लाकडी वस्तूंखाली बारीक पिवळसर भुसा दिसला तर ती वस्तू त्याच क्षणी वेगळ्या खोलीत हलवा. भुंगेरा शेजारच्यात जायला वेळ लावत नाही.

श्रावणात सगळा माल मोजून घ्या. वहीतली शिल्लक आणि फळीवरची शिल्लक जुळवा, फुटलेलं खर्ची टाका, प्रकाशकांचे हिशेब मिटवा. मग गणपतीआधी एकदा प्रत्येक कारागिराच्या घरी जाऊन या. ऑर्डरची वही बरोबर नेऊ नका. वर्षभरात त्यांची कुठली वस्तू कुणी घेतली, कुठल्या गावाला गेली, गिऱ्हाईक काय म्हणालं, ते सांगा. आमच्याकडून एक भातुकली नाशिकच्या आजींनी अमेरिकेतल्या नातीसाठी नेली होती. हे ऐकून रंगकाम करणाऱ्या बाई गणपतीच्या सोंडेवरचा ब्रश थांबवून म्हणाल्या, ‘मगे पुढच्या वर्साक त्येतूर एक पाटो-वरवंटोय घालूया.’ या दिवाळीपासून संचात पाटा-वरवंटा आहे.